कथिलाचे पेलेट, फाकलेला ग्रुप आणि कोकणातली हवा

दापोलीजवळच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते. घरी जुनी पण ठणठणीत पीसीपी रायफल आहे, म्हणजे हातपंपाने आधीच सिलिंडरमध्ये हवा दाबून ठेवायची आणि त्या हवेवर चालवायची. पावसाळ्यात शिशाच्या पेलेटवर (एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांवर) पांढरी भुकटी चढली, म्हणून त्यांनी बिनशिशाचे, कथिलाचे पेलेट मागवले. पहिला पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, कडेपासून कडेपर्यंत 6.5 मिमी आला, दुसरा थेट 11 मिमी. परदेशातले शिकारी तांब्याच्या गोळ्यांसाठी घरीच काडतुसं भरून आपल्या रायफलला मानवणारा 'लोड' (दारू आणि गोळीचा मेळ) शोधतात, असं त्यांच्या वाचनात आलं. तसं इथे काही करता येईल का, आणि सर्वांत अचूक पेलेट कोणत्या कंपनीचा, असं त्यांनी विचारलंय. जाता जाता बागेतल्या वानरांवर ही रायफल चालवता येईल का, हेही विचारलंय, ते शेवटी घेतो.

कंपनीचं आधी उरकतो. सर्वांत अचूक पेलेट असा नसतोच. एच अँड एन फिनाले मॅच, आरडब्ल्यूएस आर 10 ही स्पर्धेतली नावाजलेली नावं, दोन्ही चांगली. पण एकाच नावाच्या दोन डब्यांवर लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचे नंबर, वेगळे असतील तर तुमच्या नळीपुरते ते दोन वेगळे पेलेट आहेत. म्हणून नाव विचारू नका, लॉट तपासा. खरा प्रश्न वेगळा आहे: दोन ग्रुपमधला फरक पेलेटमुळे पडला, रायफलमुळे पडला, की तो निव्वळ योगायोग होता, हे ओळखायचं कसं?

तांब्याच्या गोळीशी तुमच्या अडचणीचं नातं आहे, तेवढं सांगतो. शिशाची घनता 11.34, तांब्याची 8.96, कथिलाची साधारण 7.3. धातू हलका झाला की तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, किंवा तेवढ्याच आकाराची गोळी वजनाने कमी भरते. दुसरं म्हणजे शिसं मऊ असतं, नळीत शिरताना ते स्वतःला थोडंफार बसवून घेतं. तांबं आणि कथील तितकं ऐकत नाहीत. म्हणून तांब्याच्या गोळीवाले दारूचं वजन थोडं थोडं बदलत जातात, गोळी काडतुसात किती खोल बसवायची ते बदलतात आणि प्रत्येक बदलाला ग्रुप काढून पाहतात. आपल्याकडे काडतूस भरणं शस्त्र अधिनियम 1959 खाली परवान्याचं काम आहे, ते घरगुती उद्योगात मोडत नाही. पण त्या कामातली शिस्त उचलण्यासारखी आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि फरक पुरेसा मोठा असेल तरच तो मानायचा. तुमच्या हातात बदलण्याजोग्या गोष्टी तीन. पेलेटच्या डोक्याचा व्यास, लॉट, आणि रायफलला वेगाचा स्क्रू असेल तर वेग.

आता तुमचे दोन ग्रुप. 6.5 आणि 11 मधून पेलेटचा व्यास 4.5 वजा केला की केंद्रापासून केंद्रापर्यंत 2 मिमी आणि 6.5 मिमी उरतात. ऐकायला तिप्पट. पण पाच शॉटचा ग्रुप हे फार डळमळीत माप आहे. ज्या रायफलचे पाच शॉटचे ग्रुप सरासरी 4 मिमीचे येतात, ती एकदा 2.5 आणि एकदा 5.5 दाखवते, त्यात नवल काही नाही. तुमचा फरक त्याहून थोडा जास्त आहे, म्हणून मला नळीवरही संशय आहे. त्याकडे येतो. पण पहिला ग्रुप पाहून 'हाच पेलेट' आणि दुसरा पाहून 'फालतू पेलेट', असे दोन्ही निकाल घाईचे होते.

म्हणून दहा शॉटचे तीन ग्रुप हवेत. दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो, कारण जितके शॉट जास्त तितकी एखादा कडेला जाण्याची संधी जास्त. त्यामुळे एका डब्याचे पाच आणि दुसऱ्याचे दहा अशी तुलना करू नका. मधूनच बाहेर गेलेला शॉट 'हा धरू नका' म्हणून वगळायचाही नाही. शॉट सुटण्याच्या क्षणी, लक्ष्य पाहण्याआधी, तुम्ही 'चुकला' म्हणालात तरच तो बाद. भोक पाहून म्हणालात तर तो मोजायचा.

किती मिमी आलं तर चांगलं? हे कशासाठी मारताय त्यावर आहे. 10 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा असतो आणि पेलेटची कड त्याला टेकली की 10.0 मिळतो. म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून 2.5 मिमीच्या आत हवं. 10.0 ते 10.9 अशा दशांश गुणांची प्रत्येक पायरी त्याच्या दहाव्या भागाची, 0.25 मिमीची. त्यामुळे आधारावरून मारलेला दहा शॉटचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत 9.5 मिमीत बसला तर रायफल सगळे दहा मारू शकते, पण नेमबाजाच्या चुकीला जागाच उरत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलीसाठी 6.5 ते 7 मिमीचा लॉट मिळाला की मी शोध थांबवेन आणि उरलेला वेळ तिच्या उभं राहण्यावर आणि ट्रिगरवर घालवेन. 6 च्या खाली नेण्याचा हट्ट राज्याच्या वरच्या पातळीवर कामाचा.

चाचणीच्या आधी रायफल. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, पीपसाइट (डोळ्याजवळची बारीक भोकाची साइट) आणि पुढची साइट धरून ठेवणारे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहा. 'दोन ठिकाणी ग्रुप पडतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा सैल स्क्रूच असतो. मग नळीचं तोंड. तिथे गोल कडेवर टोचा पडला असेल तर कुठलाही पेलेट धड जाणार नाही. नळी साफ करताना लोखंडी सळई तोंडाकडून आत घालू नका, तो टोचा असाच पडतो. पेलेट भरायच्या बाजूने, दोरीला बांधलेले फेल्टचे तुकडे ओढून काढा. पहिले दोन-तीन काळेभोर येतील, चौथा-पाचवा फिका आला की पुरे. तेल घालू नका.

संशयाची जागा हीच. शिशाने वर्षानुवर्षं नळीत पातळ लेप केलेला असतो. त्यावर कथील चालवलं की सुरुवातीचे शॉट जुन्या लेपावरून जातात, मग हळूहळू नळी नव्या धातूची होते. तुमचा पहिला ग्रुप आणि दुसरा ग्रुप कदाचित दोन वेगवेगळ्या नळ्यांतून गेलेत, असंच म्हणा ना. धातू बदलताना नळी फेल्टने साफ करा, मग नव्या पेलेटचे निदान 30 शॉट नुसते मारा, मोजू नका. ग्रुप एका मापावर ठरू लागला की मोजणी सुरू. शिशावर परत जाताना पुन्हा हेच. एकाच दिवशी शिसं, कथील, पुन्हा शिसं अशी आलटून पालटून तुलना केली तर हाती काही लागत नाही. शिशाच्या दोन लॉटमध्ये बदलताना मात्र पाच शॉट पुरतात.

कथिलाचे पेलेट हलके असतात. शिशाचा रायफल पेलेट साधारण 0.53 ग्रॅमचा, कथिलाचे 0.34 ते 0.42 ग्रॅमचे. शिशाचा पेलेट सेकंदाला 172 मीटरने जात असेल तर 0.35 ग्रॅमचा त्याच रायफलमधून 200 च्या आसपास जाईल. दहा मीटर जाईपर्यंत शिशाचा 17 मिमीच्या आसपास खाली येतो, कथिलाचा 12-13. म्हणजे साइट न हलवता ग्रुप चार-पाच मिमी वर सरकतो, लक्ष्यावरच्या जवळजवळ दोन कड्या. ते बिघडलेपण नाही. ग्रुप किती मोठा आहे ते पाहा. कुठे आहे ते साइटने सुधारता येतं.

वेग जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. परवाना न लागणारी 4.5 मिमीची एअर रायफल 20 ज्यूलपर्यंत असू शकते. त्या टोकाच्या स्प्रिंग रायफलमध्ये (जिच्यात स्प्रिंग सुटून हवा दाबते) 0.35 ग्रॅमचा पेलेट गणिताने 338 मीटर वेगाला पोहोचतो, आणि 30 अंशाला आवाजाचा वेग 349 आहे. त्या पट्ट्यात पेलेट डगमगतो. जोरदार स्प्रिंग रायफलवाल्यांना हलके कथिलाचे पेलेट मानवत नाहीत, ते बरेचदा यामुळे. तुमच्या मॅच रायफलला ही अडचण नाही.

तुमच्या बाबतीत डोक्याचा व्यास मात्र महत्त्वाचा. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असं छापलेलं असतं. मऊ शिसं शंभराव्या भागाची चूक पोटात घालतं, कथील घालत नाही. पेलेट अंगठ्याने बसवताना हलका विरोध जाणवला पाहिजे. सुळकन आत पडला तर तो लहान, अंगठा दुखेपर्यंत दाबावा लागला तर मोठा. कथिलाचे दोन तरी व्यास मागवून पाहा. एकच डबा पाहून 'कथील चालत नाही' ठरवणं म्हणजे एकाच मापाची चप्पल घालून पाय वाकडा म्हणण्यासारखं.

चाचणी अशी करा. अंतर टेपने मोजून 10 मीटर, रायफलच्या तोंडापासून नव्हे, नेमबाजाच्या रेषेपासून, आणि ती रेषा खडूने आखून ठेवा. खाऱ्या वाऱ्याच्या वेळी, म्हणजे दुपारी, उघड्या पडवीत मारू नका. सकाळी लवकर किंवा बंद माजघरात. पीसीपी रायफलला झटका जवळजवळ नसतो, त्यामुळे ती वाळूच्या दोन पिशव्यांवर ठेवून मारता येते. स्प्रिंगची असती तर पिशवीवर ठेवलेली चालली नसती. ती तोल सांभाळणाऱ्या जागी मऊ तळहातावर सैल धरावी लागते, कारण तिचा झटका पेलेट नळीत असतानाच सुरू होतो. लक्ष्याचं कार्ड प्रत्येक ग्रुपला नवं. वर लॉट नंबर, व्यास, वेळ, सिलिंडरचा दाब लिहा. मारणारी मुलगी नको, घरातला जो कोणी पिशवीवर स्थिर बसू शकतो तो चालेल. इथे तिची परीक्षा नाही.

तीन डबे तपासायचे असतील तर क्रम अ, ब, क, मग क, ब, अ, मग ब, अ, क असा ठेवा. अ चे तीन ग्रुप आधी आणि क चे शेवटी काढले तर थकवा, उतरलेला दाब, सरकलेला प्रकाश हे सगळं बिचाऱ्या क च्या माथी येतं. यात कथील असेल तर धातू बदलू नये म्हणून त्याचा दिवसच वेगळा ठेवा.

मोजताना व्हर्नियरने बाहेरच्या कडा मोजा आणि 4.5 वजा करा. कागदातलं भोक पेलेटपेक्षा किंचित लहान दिसतं, पण पद्धत सगळीकडे एकच असली की तुलनेला फरक पडत नाही. समजा अ चे तीन ग्रुप 2.1, 2.6, 2.3 आले आणि ब चे 2.4, 2.2, 2.9. सरासरी 2.3 आणि 2.5. हे दोन्ही सारखेच समजा आणि स्वस्त असेल तो घ्या. अ 2.3 आणि क 3.8 आला तर तो फरक खरा असण्याची शक्यता मोठी. तरीही अ चे आणखी दोन ग्रुप दुसऱ्या दिवशी काढा. पहिल्या दिवशीचा विजेता दुसऱ्या दिवशी थोडा उतरतोच, कारण तो जिंकला त्यात थोडं नशीबही होतं.

ग्रुपचा आकारही बोलतो. उभा लांबट असेल तर वेग कमी-जास्त होतोय: सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागाच्या) खाली उतरलाय, व्हॉल्व्ह चिकटतोय किंवा पेलेटच्या वजनात फरक आहे. वेग एक टक्का बदलला तर दहा मीटरवर सुमारे 0.35 मिमीचा उभा फरक पडतो. दशांश मोजणाऱ्याला तो दिसेल, पण 11 मिमीचा ग्रुप त्याने होत नाही. 25 मीटरवर तोच फरक अडीच मिमीच्या जवळ जातो. म्हणून सोनाराच्या काट्यावर, म्हणजे 0.001 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, पेलेट वजनाने वेगळे करण्याचा खटाटोप दहा मीटरवाल्याने शेवटी करावा. ग्रुप आडवा असेल तर वारा, ट्रिगर किंवा रायफल तिरपी धरली जातेय. दोन वेगळे पुंजके म्हणजे सैल स्क्रू. सगळीकडे विखुरलेला म्हणजे पेलेट, नळीचं तोंड किंवा आतला मळ. एखादाच दूर गेलेला असेल तर पेलेटचा स्कर्ट (मागचा पोकळ घेर) चेपलेला होता का पाहा. एसटीच्या टपावरून घाट उतरलेला डबा उघडल्यावर दहातले दोन स्कर्ट चेपलेले निघाले तर आश्चर्य नको. उजेडात एकेक पेलेट उलटा धरून पाहिला की ते डोळ्याला दिसतात.

आता हवा. हातपंपाने कोकणात हवा भरणं म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी भरणं. 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला प्रत्येक घनमीटर हवेत 24 ग्रॅम वाफ असते. 200 मिली सिलिंडर 80 बारवरून 200 बारवर नेताना 24 लिटर बाहेरची हवा आत जाते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून जास्त पाणी. त्यातलं बरंचसं पंपात थेंब होऊन साठतं, पण न थांबता पंप करत राहिलात तर पंप तापतो आणि वाफ थेट पुढे जाते. 40-50 झटके मारा, पाच मिनिटं थांबा, पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून पाणी फुंकून टाका, मग पुढे. आत गेलेलं पाणी व्हॉल्व्हला आणि अॅल्युमिनियमला खातं, आणि ग्रुप उभा लांबतो. मालवण-तारकर्लीकडे स्कुबाचे सिलिंडर भरले जातात. ती हवा गाळलेली, कोरडी असते, योग्य अडॅप्टर मिळाला तर उत्तम. ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र कधीही जोडू नका, आतलं ग्रीस पेट घेतं आणि सिलिंडर फुटतो. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचा. मॅच रायफलच्या सिलिंडरना निर्मात्यांनी ठरावीक वर्षांचं आयुष्य दिलेलं असतं, जुनी रायफल घेताना लोक हीच गोष्ट बघायची विसरतात.

पांढरी भुकटी दमटपणामुळे चढते, पण एकट्या दमटपणामुळे नव्हे. लाकूड आणि पुठ्ठा यांतून बारीक आंबट वाफ सुटत असते आणि दमट हवेत ती शिशाला खाते. म्हणून फणसाच्या फळीच्या कपाटात ठेवलेला डबा पडवीतल्या डब्याआधी पांढरा पडू शकतो. पेलेट घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. पुडी रंग बदलली की जुन्या, स्वयंपाकातून कायमच्या काढलेल्या कढईत तापवून सुकवा. राखाडी, निस्तेज पडलेले पेलेट वापरायला हरकत नाही. बोटाला पांढरं लागतं ते टाका. ती भुकटी विषारी आहे, फुंकर मारू नका. आणि कृपा करून तांब्याचा हंडा घासतो तसे पेलेट चिंचेने किंवा कोकमाने धुऊ नका: आंबटात शिशाचे विषारी क्षार विरघळतात, पेलेटचं मापही जातं. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुणं, मधे काही न खाणं, पेलेट तोंडात न धरणं, हे मुलीला पहिल्या दिवसापासून सांगा.

कथिलाची बाजू इथे भक्कम आहे. आपल्या भांड्यांना जी कल्हई करतात ती कथिलाचीच. खाऱ्या हवेत ते टिकतं आणि हाताला शिसं लागत नाही. घरच्या रोजच्या सरावाला, विशेषतः घरात लहान मूल असेल तर, मी कथील सुचवेन. स्पर्धेत बहुतेक नेमबाज अजून शिशावरच आहेत. एकच रायफल असेल तर दोन धातूंत ये-जा करण्यापेक्षा एकावर ठरून राहा. तुमच्याकडे स्पर्धा जवळ असेल तर सध्या शिसं, नवा लॉट, कोरडा डबा.

कथील वापराल तर लक्ष्यामागची पेटी बदला. शिसं पत्र्यावर आपटून चपटं होतं, कथील उसळतं. 45 अंशात बसवलेल्या 3 मिमी पत्र्यासमोर जाड चिंध्यांचे थर किंवा पोटीन (काचा बसवायची लांबी) लावा. जांभ्याची भिंत पेटी म्हणून वापरू नका. तिचे कण डोळ्यांकडे उडतात, आणि कठीण जागी लागलेला पेलेट कुठे वळेल ते सांगता येत नाही. चष्मा मारणाऱ्यानेही घालायचा आणि बघणाऱ्यानेही.

वानरांचं: नाही. वानर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली संरक्षित आहे, आणि सात-आठ ज्यूलचा पेलेट त्याला मारत नाही, नुसता सडवतो. शिवाय ज्या रायफलचा ग्रुप तुम्ही दशांश मिमीत मोजणार ती नारळाच्या बागेत, पावसात, खाऱ्या हवेत फिरवायची वस्तू नाही.

नळी साफ करून, 30 शॉट मारून, दहाचे तीन ग्रुप काढा आणि कार्डांचे फोटो टाका. सोबत लॉट नंबर, डोक्याचा व्यास, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब लिहा. ग्रुप उभा निघाला तर आपण रेग्युलेटरबद्दल बोलू, गोल आणि मोठा निघाला तर दुसऱ्या व्यासाबद्दल.